पहिलं बायप्लेन कोणतं बांधावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. तुम्ही दोन वर्षं रेडिओवर चालणारा हाय-विंग ट्रेनर, म्हणजे धडाच्या वर पंख असलेलं शिकाऊ मॉडेल, उडवताय, एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलते पल्ले) हाताला बसलेत, एक ट्रेनर प्लॅनवरून स्वतः बांधलाय. आता साधारण ९० सेंटिमीटर पंखाचं, इलेक्ट्रिक, स्कूटरवरून मैदानावर नेता येईल असं बायप्लेन, म्हणजे एकावर एक दोन पंखांचं विमान, बांधायचंय. मनात टायगर मॉथ, सॉपविथ कॅमल आणि पिट्स या तीन खऱ्या विमानांची नावं आहेत आणि यातलं सोपं कोणतं, हे विचारलंय.

माझं उत्तर या तिघांत नाही. पहिलं बायप्लेन एस.ई.५ए बांधा. पहिल्या महायुद्धातलं हे ब्रिटिश लढाऊ विमान फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत जन्मलं. टायगर मॉथ दुसरं बांधा. कॅमल आणि पिट्स त्यानंतर. टायगर मॉथवर जीव जडलेल्या माणसाला हे ऐकायला आवडत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून कारणं नीट सांगतो.

बायप्लेन उडवायला मुळात अवघड नसतं. उलट तेवढ्याच लांबीत दोन पंख मिळतात, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट, आणि विमान हळू उडतं. अडचण तीन ठिकाणी येते: नाक आखूड असलं की, वजन वाढलं की, आणि दोन पंख एकमेकांशी वाकडे बसले की. या तीन गोष्टी सांभाळल्या तर बायप्लेन ट्रेनरइतकंच सरळ वागतं. मॉडेल निवडताना म्हणूनच चित्र बघू नका, बाजूने काढलेला आराखडा बघा आणि खालच्या पंखाच्या पुढे किती नाक आहे ते मोजा.

माझं पहिलं बायप्लेन कॅमलच होतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ९५ सेंटिमीटरचं बांधलं, रंगरंगोटीसकट तीन महिने लागले. बांधून झाल्यावर तोल पाहिला तर शेपूट जड. बॅटरी फायरवॉलला, म्हणजे मोटरमागच्या भिंतीला, टेकवली तरी जड. शेवटी मासे पकडायच्या गळाला लावतात ते शिसं ११० ग्रॅम नाकात कोंबलं आणि एकूण वजन १०५० ग्रॅमवर गेलं. चार वेळा उडालं. चौथ्या वेळी उतरायला वळवताना मी थ्रॉटल कमी केला, डावा पंख खचला आणि पाच-सहा मीटरवरून ते तसंच जमिनीत शिरलं. दोन्ही पंख गेले, वरचा पंख धरणारे मधले खांबही गेले.

चूक कुठे झाली ते मला पुढे बऱ्याच वर्षांनी नीट उमगलं. खऱ्या कॅमलमध्ये जड रोटरी इंजिन अगदी नाकाच्या टोकाला होतं. इंजिन, वैमानिक, मशिनगन, इंधन असं सगळं ओझं पुढच्या दोन-सव्वादोन मीटरमध्ये दाटलेलं. म्हणून नाक आखूड ठेवूनही त्याचा तोल साधत असे. आपल्या मॉडेलमध्ये त्या इंजिनाच्या जागी ५० ग्रॅमची मोटर बसते. आखूड नाक जसंच्या तसं राहतं आणि ते तोलणारं वजन मात्र गायब होतं. रोटरी इंजिनाच्या बहुतेक सगळ्या विमानांच्या लहान मॉडेलांत हे दुखणं आहे.

एस.ई.५ए वेगळं. त्यात पाण्याने थंड होणारं व्ही-८ इंजिन होतं, आधी हिस्पानो-सुइझा आणि नंतर वूल्झली वायपर. ते लांबट इंजिन सामावण्यासाठी विमानाला लांब चौकोनी नाक आलं आणि पुढे सपाट रेडिएटर आला. मॉडेल बांधणाऱ्याला याहून सोयीचं काय हवं? चौकोनी पेटी बांधायला सोपी, रेडिएटरमागे मोटर सुबक लपते आणि त्या लांब नाकात ३-सेलची बॅटरी आडवी सरकवायला भरपूर जागा राहते. शिसं घालायची वेळ सहसा येत नाही.

दुसरा गुण डायहेड्रलचा, म्हणजे पंख टोकांकडे वर चढत जाण्याचा. एस.ई.५एच्या दोन्ही पंखांना सुमारे ५ अंशांचा चढ आहे. कॅमलमध्ये वरचा पंख सपाट आणि खालच्यालाच चढ. दोन्ही पंखांना चढ असला की विमान स्वतःहून सरळ व्हायला बघतं, आणि वळवताना रडर (शेपटीचा उभा पल्ला) दिला की पंखही आपसूक झुकतो. लहान मॉडेल वाऱ्याच्या झोताने चटकन कलतं, तेव्हा या चढाची किंमत कळते.

आकडे बघू. खऱ्या विमानाची पंखलांबी ८.११ मीटर, लांबी ६.३८ मीटर. एक-नवमांश प्रमाण धरलं तर पंख ९० सेंटिमीटर, धड ७१ सेंटिमीटर, पंखाची रुंदी, म्हणजे कॉर्ड, सुमारे १७ सेंटिमीटर. दोन्ही पंखांचं मिळून क्षेत्रफळ २८ चौरस डेसिमीटर. ९० सेंटिमीटरच्या मॉडेलला एवढं क्षेत्रफळ म्हणजे चैन आहे. शिवाय १० इंची प्रॉप, म्हणजे प्रोपेलर, जवळजवळ प्रमाणातच बसतो.

आता वजन. पंखभार, म्हणजे चौरस डेसिमीटरला किती ग्रॅम, हा आकडा सगळे सांगतात. पण वेगवेगळ्या आकारांची मॉडेलं ताडून बघायची तर मी घनभार वापरतो. क्षेत्रफळ चौरस डेसिमीटरमध्ये घ्या, त्याला त्याच्याच वर्गमुळाने गुणा आणि त्या संख्येने ग्रॅममधल्या वजनाला भागा. आपल्या एस.ई.५एसाठी २८ गुणिले ५.२९ म्हणजे १४८. वजन ६०० ग्रॅम असेल तर उत्तर जेमतेम ४. पाचाच्या आत उत्तर आलं की विमान तरंगतं, चुकीला माफ करतं, चालत्या माणसाच्या वेगाला पोचलंय असं वाटेपर्यंत हळू होतं. सातच्या पुढे गेलं की प्रत्येक लँडिंग लक्ष देऊन करावं लागतं. माझ्या त्या कॅमलचं क्षेत्रफळ साडेसव्वीस होतं आणि घनभार ७.७. हा हिशेब मला तेव्हा माहीत असता तर मी ते उडवण्याआधीच हलकं केलं असतं.

६०० ग्रॅम कसे जमवायचे? आपल्याकडे सहज मिळणारी २२१२ मापाची १००० केव्ही मोटर ५० ग्रॅमच्या आसपास, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) साधारण २५, नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो (पल्ले हलवणाऱ्या छोट्या मोटरी) ३६, रिसीव्हर १०, १३०० एमएएचची ३-सेल लायपो ११० ग्रॅम धरा. तारा, प्रॉप, स्पिनर धरून हे सगळं मिळून २५५ ते २६० ग्रॅम. उरलेल्या ३४० ग्रॅममध्ये सांगाडा, कव्हरिंग, चाकं आणि रंग. जमतं, पण प्रत्येक टप्प्यावर किचनमधला डिजिटल काटा शेजारी ठेवूनच. शेपटीत जाणाऱ्या वस्तूंवर विशेष नजर ठेवा. या मॉडेलमध्ये शेपूट तोलबिंदूपासून ४२ सेंटिमीटर मागे आणि बॅटरी जेमतेम १३-१४ सेंटिमीटर पुढे असते. म्हणजे शेपटीतला १ ग्रॅम नाकात ३ ग्रॅम मागतो. एलिव्हेटर (शेपटीचा आडवा पल्ला) आणि रडरसाठी शीटचा भरीव बाल्सा वापरू नका, पट्ट्यांची चौकट करा. दोन्ही सर्व्हो कॉकपिटखाली ठेवा आणि शेपटीपर्यंत दोरा ओढा किंवा हलकी कार्बन रॉड न्या.

बाल्सा महाग पडतो हे खरं. धड आणि शेपूट बाल्सात, पंख डेप्रॉनमध्ये, म्हणजे फोमच्या हलक्या शीटमध्ये, असा मेळ घातला तरी चालतं. मी तसं एक बांधलं आहे आणि ते अजून उडतं. पंखांमधले खांब बांबूच्या कामटीचे करा, बाल्सापेक्षा चिवट आणि फुकट. चाकांसाठी हवाई चपलेचं रबर साडेसहा सेंटिमीटर व्यासाचं कापा, मधे प्लास्टिकची नळी बसवा.

एस.ई.५एचे जुने प्लॅन इंटरनेटवर भरपूर आहेत. हवा तो घेऊन ९० सेंटिमीटरला बसवा आणि इंजिनीअरिंगच्या ड्रॉइंगचे मोठे प्रिंट काढणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणा. छापल्यावर पट्टी लावून माप तपासायला विसरू नका, प्रिंटर कधीकधी दोन-तीन टक्के खातो. प्लॅनमध्ये खऱ्यासारखा पातळ, खालून खोलगट पंख दिला असेल तर तो बदला. सपाट बुडाचा, क्लार्क-वाय जातीचा, अकरा-बारा टक्के जाडीचा पंख घ्या. दिसायला किंचित वेगळा वाटेल, पण टेबलावर सपाट ठेवून बांधता येतो आणि स्टॉलही, म्हणजे वेग फार कमी झाल्यावर पंखाची उचल संपणंही, हळुवार होतो.

आता त्या भागाकडे येतो, जिथे बायप्लेन बिघडतं किंवा घडतं: दोन पंखांचं एकमेकांशी नातं. वरचा पंख खालच्याच्या थोडा पुढे असतो, त्याला स्टॅगर म्हणतात. दोघांमधलं उभं अंतर कॉर्डच्या आसपास ठेवतात. फार जवळ आणले तर ते एकमेकांची हवा खातात. प्लॅनवरची ही मापं बदलू नका. कोन मात्र स्वतः तपासा. धडाच्या रेषेशी खालचा पंख शून्यावर, वरचा शून्य ते अर्धा अंश जास्त, एवढं पुरे. पुढे असलेल्या वरच्या पंखाचा कोन किंचित जास्त असला की तो आधी स्टॉल होतो, नाक आपोआप खाली येतं आणि विमान वेग पकडतं. उलट झालं तर नाक वर राहतं आणि पंख खचतो.

पण अर्ध्या अंशाच्या वादापेक्षा डावं-उजवं सारखं असणं कितीतरी महत्त्वाचं आहे. वरच्या पंखाला धरणारा कबेन, म्हणजे धडावरचे ते चार छोटे खांब, नजरेने जोडू नका. जाड पुठ्ठ्याचे दोन साचे कापा, ते दोन्ही पंखांमध्ये अडकवा आणि मगच खांबांना गोंद लावा. मी इथे सीए, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, वापरत नाही, अर्ध्या तासाचा इपॉक्सी वापरतो, म्हणजे सरकवायला वेळ मिळतो. सुकल्यावर विमान मागून दोन मीटरवरून पाहा. वरच्या पंखाची रेषा आणि शेपटीची रेषा समांतर दिसलीच पाहिजे. कव्हरिंग आखडताना पंख पिळला जातो, तेव्हा चारही टोकं पुन्हा तपासा. वरच्या पंखाच्या दोन्ही टोकांना मागची कड चार-साडेचार मिलिमीटर वर पिळलेली ठेवा, म्हणजे सुमारे दीड अंश. हळू उडताना टोकं शेवटी स्टॉल होतात आणि विमान कलंडत नाही. कॅमल मोडल्यानंतर ही पिळ न देता मी एकही बायप्लेन बांधलेलं नाही.

एलेरॉन खऱ्या विमानात चारही पंखांना होते. तुम्ही फक्त खालच्या पंखाला द्या. दोन सर्व्हो, दोन छोटे पुशरॉड, काम संपलं. मात्र वर जाणारा एलेरॉन खाली जाणाऱ्यापेक्षा दुप्पट हलेल असं रेडिओत बसवा आणि थोडा रडर मिसळा. नाहीतर डावीकडे वळायचं म्हटलं की नाक आधी उजवीकडे जातं.

तोलबिंदू काढताना बायप्लेनमध्ये अनेकांचा गोंधळ होतो. एक-नवमांश एस.ई.५एमध्ये समजा स्टॅगर ५ सेंटिमीटर आहे. पंख सारखेच असल्याने दोघांच्या पुढच्या कडांची सरासरी घ्या, म्हणजे वरच्या पंखाच्या पुढच्या कडेपासून अडीच सेंटिमीटर मागे. तिथून कॉर्डचा चौथा हिस्सा, सव्वाचार. बेरीज पावणेसात. खालचा पंख वरच्याच्या सावलीत असल्याने थोडं कमी काम करतो, म्हणून पहिल्या उड्डाणाला साडेसहा सेंटिमीटरवर तोला. पुढे हात बसला की सात-सव्वासातपर्यंत मागे नेता येईल. आधी नाही.

टायगर मॉथ दुसऱ्या क्रमांकावर का, हेही सांगायला हवं, कारण मला ते फार प्रिय आहे. आपल्या देशातल्या कित्येक वैमानिकांनी पहिलं उड्डाण त्यावर केलं. मूळ रचनेत पुढच्या कॉकपिटमधून पॅराशूटसह बाहेर पडायला वरचा पंख आड येत होता, म्हणून तो पुढे सरकवला आणि तोल टिकवण्यासाठी पंख मागे वळवले. आकाशात त्याचं रूप त्या मागे वळलेल्या पंखांमुळेच खुलतं. पण बांधताना प्रत्येक रिब (पंखाची फासळी) तिरकी, प्रत्येक स्पारचा (पंखाच्या लांब दांड्याचा) सांधा कोनात, आणि दोन्ही पंखांत हे सारखं जुळवायचं. त्यात एलेरॉन फक्त खालच्या पंखाला आणि रडर न वापरता वळवलं तर ते नाक झुलवत जातं. एकदा एस.ई.५ए जमलं की हे सगळं सहज जमेल आणि तुम्हाला चांगलं टायगर मॉथ मिळेल.

पिट्सबद्दल थोडक्यात: ते कसरतींसाठी जन्मलं. आखूड पंख, आखूड धड, सोडलेल्या जागी राहायचा स्वभाव. ते स्वतः सरळ होत नाही. हात तयार झाल्यावर त्यातला आनंद वेगळाच आहे.

रंग काय द्यावा हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. कोलकात्यात जन्मलेले इंद्रलाल रॉय रॉयल एअर फोर्सच्या ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये एस.ई.५ए उडवत. जुलै १९१८ मधल्या दोन आठवड्यांत त्यांच्या नावावर १० हवाई विजय नोंदले गेले आणि २२ जुलैला ते लढताना गेले. वय १९. त्याच युद्धात आणखी एक भारतीय वैमानिक, हरदितसिंग मलिक, कॅमल उडवत होते. या विमानांचा आपल्याशी संबंध आहे, फक्त आपल्या मैदानांवर तो क्वचित दिसतो. वरून गडद खाकी-हिरवट आणि खालून कोऱ्या कापडाचा फिकट रंग, अशी त्या काळची सजावट होती. मॉडेललाही ती उपयोगी पडते: वरची बाजू गडद, खालची फिकट, त्यामुळे दूर गेल्यावर विमान कोणत्या अंगावर आहे ते चटकन कळतं. रंगाचा थर मात्र पातळच द्या, स्प्रेचा एक जादा हात सहज १५ ग्रॅम वाढवतो.

स्कूटरचा मुद्दा मी गांभीर्याने घेतो, कारण मैदानावर जोडायला वीस मिनिटं लागणारं बायप्लेन घरी भिंतीवरच राहतं. ९० सेंटिमीटरच्या मॉडेलमध्ये पंख सुटे करूच नका. दोन्ही पंख, कबेन आणि खांब कायमचे जोडा आणि बॅटरीसाठी नाकावर चुंबकाचं झाकण ठेवा. मागे बसणाऱ्याच्या मांडीवर हे विमान आरामात येतं. एकट्याने जायचं असेल तर खालचा पंख दोन नायलॉनच्या बोल्टवर आणि वरचा चार बारीक स्क्रूवर बसवा. खांब दिखाऊ ठेवा, त्यांना टोकाला छोटे चुंबक लावा. तारांसाठी शिलाईचं बारीक इलॅस्टिक ताणा, धक्का बसला तर सुटतं, काही मोडत नाही.

मैदान निवडताना डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडून जागा कोणत्या झोनमध्ये आहे ते बघा. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅम ते २ किलो हा वर्ग 'मायक्रो' म्हणून धरला आहे, आपलं मॉडेल त्यात मोडतं. पुण्यात असाल तर लोहगाव विमानतळ आणि एनडीएच्या आसपासचा बराच भाग असाच बाद होतो. वेळ सकाळची, सात ते नऊ. उन्हाळ्यात दहानंतर तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत हलक्या बायप्लेनला पतंगासारखे उचलतात. पहिल्या दिवशी वारा ताशी १० किलोमीटरच्या आतच हवा.

मोटर बसवताना ती ३ अंश खाली आणि २ अंश उजवीकडे बघेल अशी बसवा, नाहीतर थ्रॉटल वाढवला की नाक वर जातं. चाकांचा अक्ष खालच्या पंखाच्या पुढच्या कडेखाली किंवा बोटभर पुढे हवा. मागे असेल तर पावसाळ्यानंतरच्या गवतात प्रत्येक वेळी विमान नाकावर उभं राहील. टेकऑफला थ्रॉटल हळूहळू द्या, शेपूट उचलेपर्यंत एलिव्हेटर किंचित वर धरा, रडरने सरळ ठेवा. वर गेल्यावर अर्ध्या थ्रॉटलवर दोन-तीन मोठे चौकोन मारा, ट्रिम बसवा आणि भरपूर उंचीवर थ्रॉटल पूर्ण बंद करून एकदा स्टॉल बघून घ्या. नाक सरळ खाली आलं पाहिजे. पंख खचत असेल तर उतरून पिळ तपासा, दुसरं उड्डाण त्याआधी नको.

उतरताना तुमच्या ट्रेनरची सवय सोडावी लागेल. ट्रेनर थ्रॉटल बंद केल्यावर लांब सरकत येतो. बायप्लेनला दोन पंख, खांब, तारा, उघडी चाकं, सगळ्यांचा ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, असतो. थ्रॉटल बंद केला की ते हवेत ब्रेक लावल्यासारखं थांबतं. म्हणून शेवटचं वळण उंचावर आणि थ्रॉटलसकट पूर्ण करा. मग वाऱ्याच्या तोंडाशी सरळ येताना चौथा हिस्सा थ्रॉटल तसाच ठेवा, उंची थ्रॉटलने कमी-जास्त करा आणि चाकं गवताला टेकल्यावरच तो पूर्ण मागे घ्या.